एक दिवस, एक पान

वर्गातला पंखा गरगर फिरत होता आणि त्याच्या दोन पात्यांना एकेक मोजा बांधलेला होता.

ती दारातच थबकली. सुट्टीतली शाळा, सगळ्या वर्गांना कुलपं, हा एकच उघडा. बाकावर एक तरुण माणूस अनवाणी बसला होता आणि मान वर करून मोज्यांकडे मोठ्या आशेने बघत होता.

"पंखा दुरुस्त झाला का?" तिने विचारलं. तिला तो दुरुस्तीवाला वाटला होता.

"पंखा ठणठणीत आहे. अडचण मोज्यांची आहे." तो धडपडत उठला. "बाहेर गुडघाभर पाणी साचलंय हो. शाळा उघडण्याआधीच रुजू व्हायला सांगितलंय. नोकरीचा पहिला दिवस, आणि पायांतून पचक-पचक आवाज... बरं दिसेल का ते?"

"कसली नोकरी?"

"गणिताची. मुख्याध्यापकांनी स्वतः निवडलंय मला. मुलाखतीत एकच प्रश्न विचारला. म्हणाले, तुम्हाला काय येत नाही ते सांगा. मी म्हटलं, गाता येत नाही आणि दिशा कळत नाहीत. तर म्हणाले, छान, आमच्याकडे सगळं येणारे फार झालेत, तुम्ही या." त्याने घाईघाईने केसांवरून हात फिरवला. "कुठे भेटतील ते?"

तिच्या हातात बाबांच्या खुर्चीतली उशी होती. तीच न्यायला ती आली होती. उशी मधोमध दबलेली, तशीच.

"ते वारले," ती म्हणाली. "सुट्टी लागली त्याच आठवड्यात. मी त्यांची मुलगी. इथेच भाषा शिकवते."

त्याने पंखा बंद केला. मोजे हळूहळू फिरत थांबले.

"मला त्यांना एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "माझ्या पुढे-मागे एवढे हुशार लोक बसले होते, मग मलाच का घेतलं?"

तिला हसू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. हसल्याची लाज वाटली, आणि मग... मग ती उशी छातीशी धरून रडायलाच लागली. त्याने खिशात हात घातला, रुमाल काढला आणि संकोचून पुढे केला.

"हाही ओलाच आहे," तो म्हणाला. "चालेल?"

त्या दिवसापासून तिने मनातल्या मनात त्याचं नाव मोजेसर ठेवलं. मनातलं नाव शिक्षकखोलीत कसं पोचलं कोण जाणे, पण महिन्याभरात अख्खी शाळा त्याला त्याच नावाने ओळखू लागली.

बाबांची शाळा ही काही फार नावाजलेली शाळा नव्हती. घंटा कधी वेळेवर झाली नाही. निकाल बेताचाच. चित्रकलेचे सर दुपारच्या तासाला बसल्या जागी डुलकी काढत, आणि बाबांना ते माहीत असूनही ते त्या वर्गावरून पाय न वाजवता जात. पण हेच बाबा कुठल्याही वर्गात शिरून शेवटच्या बाकावर बसत, हात वर करत, आणि असा काही बावळट प्रश्न विचारत की वर्गातलं सगळ्यात मागे पडलेलं पोरही त्यांना समजावून सांगायला पुढे सरसावे. मुख्याध्यापकच भर वर्गात 'मला हे कळलं नाही बुवा' म्हणतो म्हटल्यावर पोरांना कसली लाज? आणि शिक्षकांना तरी कसली? शिक्षकखोलीत चहा पिता पिता लोक एकमेकांना आपापले न जमलेले धडे सांगत. त्यातून भांडणं होत, आणि कधीमधी चांगले तासही निघत.

ढकलणारा हात सुटला तरी चाक थोडं पुढे जातंच. नवे मुख्याध्यापक येईपर्यंत शाळा तशी चालली.

तिचा वर्ग आणि त्याचा वर्ग शेजारी-शेजारी. मध्ये लाकडी घडीचं पार्टिशन, जुनं, फटी पडलेलं. इकडचा खोकला तिकडे ऐकू जाई.

एकदा ती कविता शिकवत होती, आणि पलीकडून हास्याचा असा लोंढा आला की तिचा आवाजच बुडाला. तिने पट्टीने टकटक केली.

"सर, तुमचा वर्ग हसतोय!"

"आणि तुमचा हुंदके देतोय, बाई," फटीतून उत्तर आलं. "मधली भिंत सरकवली तर सरासरी ठीक येईल."

"सरकवू नका हं! मी सांगून ठेवते."

पार्टिशन करकरत सरकलं. फटीत आधी त्याचा हात दिसला, मग खडूने पांढरी झालेली बाही, मग तो सगळा. "काय म्हणालात?" त्याने विचारलं. अगदी निरागसपणे.

मग दोन्ही वर्ग एक झाले. ती कवितेची ओळ म्हणे, तो फळ्यावर मात्रा मांडे, मुलं टाळ्यांनी ठेका धरत. एका ओळीत एक मात्रा कमी भरली.

"पण का?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं. ती दर वाक्याला हेच विचारी, म्हणून तिला सगळे पणका म्हणत. "कवीला मोजता येत नव्हतं का, बाई?"

"येत होतं," ती म्हणाली. "पण तिथे श्वास घ्यायचा असतो. म्हणून त्याने जागा ठेवली."

मुलांनी ओळ पुन्हा म्हटली. रिकाम्या जागेशी सगळा वर्ग थांबला... आणि त्या एवढ्याशा थांबण्यात त्याने फळ्यापासून वळून तिच्याकडे पाहिलं.

बस्स, तेवढंच. पण त्या दुपारी तिला घरी जाताना रस्ता कसा संपला ते कळलं नाही.

पुढचं सगळं शाळेच्या पडवीतच घडलं. पाऊस लागला की दोघं पडवीत अडकत, आणि पाऊस थांबला तरी थोडा वेळ अडकूनच राहत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"आईला सांगून टाकू का?" एकदा त्याने विचारलं.

"काय सांगणार?"

"की एक बाई मला रोज पट्टी आपटून गप्प करतात. त्यांना हे काम कायमचं देता येईल का?"

"आणि तुझ्या आई काय म्हणतील?"

"म्हणेल, पोरी, तुला यश येवो. मी जन्मापासून प्रयत्न करतेय."

ती खळखळून हसली. मग म्हणाली, "माझ्या आईला जरा सावरू दे. मग सांग."

"सावरू दे," तो म्हणाला. "मला कुठे जायचंय?"

दिवाळखोर दुकानाला नवा मालक मिळावा तशा नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत. उंच, नीटनेटक्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. सकाळी सगळ्यांच्या आधी येत, संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर जात. पहिल्याच सभेत त्यांनी फळ्यावर चार शब्द लिहिले: एक दिवस, एक पान.

म्हणजे असं, की एका इयत्तेच्या सगळ्या तुकड्यांत त्या दिवशी तेच पान शिकवलं जाईल. कुठल्याही दारात उभं राहिलं तरी तोच परिच्छेद ऐकू आला पाहिजे. मुलांच्या शंकांनी पान अर्धवट राहतं, तेव्हा शंका मनात ठेवायच्या आणि शनिवारी शेवटच्या तासाला विचारायच्या. पार्टिशनला दोन्ही बाजूंनी स्क्रू बसले.

खोटं कशाला बोला, शाळा सुधारली. घंटा ठोक्याला होऊ लागली. संडास स्वच्छ झाले. चित्रकलेचे सर जागे राहू लागले. चाचणीचा निकाल लागला तेव्हा पालक मॅडमना भेटून हात जोडून गेले. कुणी म्हणालं, इतकी वर्षं या शाळेला कुणी वालीच नव्हता. ती तिथेच उभी होती. तिने मान खाली घातली आणि वर्गाकडे चालू लागली.

शिक्षकखोलीत आता चहा होई, बोलणं होत नसे. न जमलेला धडा कोण कुणाला सांगणार? जमला नाही म्हणजे पान चुकलं.

एकदा तिने नेहमीच्या सवयीने वर्गाला विचारलं, "काही विचारायचंय का कुणाला?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मागून कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "आज मंगळवार आहे, बाई."

शनिवारी तिने पणकाला जवळ बोलावलं. "अगं, तुझा काहीतरी प्रश्न होता ना?"

मुलीने कपाळाला आठ्या घालून खूप आठवलं. "होता, बाई. सोमवारी होता. आता... गेला."

त्या शनिवारी मॅडम वर्गावरून गेल्या तेव्हा वर्ग शांत होता. "एकही शंका नाही?" त्या समाधानाने म्हणाल्या. "छान समजावता तुम्ही."

मोजेसरांचं पान मात्र दर आठवड्याला चुके. कधी तो मुलांना घेऊन मैदानात सावल्या मोजत बसे, कधी एकाच उदाहरणावर तास घालवी. मॅडमनी त्याला बोलावलं. शांतपणे दोन वाटा पुढे ठेवल्या. संस्थेची दुसरी शाळा डोंगरापलीकडे होती, दिवसभराच्या प्रवासावर. एक तर तिथे बदली, नाहीतर इथे पर्यवेक्षकाचं काम. तास कमी, वर्गांवर फेऱ्या जास्त, आणि कोण कुठल्या पानावर आहे ते बघायचं. जो शिस्त मोडतो त्याच्याच हाती शिस्त द्यावी, असा त्यांचा अनुभव होता.

तो पडवीत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. "घेतलं," तो म्हणाला.

"पर्यवेक्षक? तू?"

"वेडाबाई, तुला सोडून डोंगरापलीकडे जाऊ? आणि विचार कर, दाराशी दुसरं कुणी उभं राहण्यापेक्षा मी उभा राहिलेला काय वाईट? मी येतोय हे तुम्हाला आधीच कळेल अशी सोय करतो की."

सोय साधी होती. फेरीला निघाला की तो जिन्यापासूनच गुणगुणायला लागे. बेसूर, मोठ्याने. त्याचा सूर कानावर आला की शिक्षक जिथे भरकटले असतील तिथून झटकन त्या दिवसाच्या पानावर येत. तो दारात पोचेपर्यंत सगळीकडे तोच परिच्छेद.

"गाता येत नाही हे आपलं नशीब," चित्रकलेचे सर म्हणत. "चांगला गात असता तर आम्ही ऐकत बसलो असतो आणि पकडले गेलो असतो."

सुरुवातीला तिलाही गंमत वाटली. जिन्यावर सूर उमटला की तिच्या गालांवर रंग चढे. हे गाणं आपल्यासाठी आहे, आपल्याला वाचवायला आहे, असं वाटे. दारात तो क्षणभर थांबे, वर्गावर कडक नजर फिरवे, आणि जाता जाता एक डोळा बारीक करे. तिला पुस्तकाआड हसू लपवावं लागे.

मग एका दुपारी काय झालं... वाचता वाचता पणका मध्येच थांबली. कितीतरी दिवसांनी तिच्या कपाळावर ती जुनी आठी आली. बोट ओळीवर तसंच ठेवून तिने वर पाहिलं. "बाई," ती हळूच म्हणाली, "ही आई मुलाला खोटं सांगते, की मला भूक नाही. मग मुलाला ते कळत कसं नाही? पण का—"

जिन्यावर सूर उमटला.

मुलीचं तोंड मिटलं. शब्द अर्धा तोडून तिने पान उलटलं, हाताची घडी घातली, पाठ ताठ केली आणि चेहऱ्यावर एक छोटंसं, नीटस हसू आणलं. तिच्या मागे सगळ्या वर्गाने तेच केलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना शिकवावं लागलंच नव्हतं; रोज बघून बघून मुलं ते शिकली होती, आणि या वर्षी ती जे काही शिकली त्यात हेच त्यांना सगळ्यात चांगलं येत होतं.

तो दारात आला. वर्ग बघून खूश झाला. एक डोळा बारीक केला.

ती हसली नाही. तिला पुढचा परिच्छेद वाचता येईना.

त्या संध्याकाळी पडवीत पाऊस आडवा येत होता. ती भिंतीला टेकून उभी होती.

"तू ते पद सोड," ती म्हणाली.

"मग डोंगरापलीकडे जावं लागेल."

"जाऊ या. मीही येते. आईलाही नेऊ. लग्न करू आणि जाऊ. उद्या सांग तुझ्या आईला."

हे ऐकण्यासाठी तो वर्षभर थांबला होता. तिला वाटलं, आता हा काहीतरी आचरट बोलेल, ओरडेल, पावसात उडी मारेल. तिने वाट पाहिली.

तो पायातल्या बुटांकडे बघत राहिला. कोरडे, पॉलिश केलेले.

"अगं, आता कुठे घडी बसतेय," तो म्हणाला. "आणि... रागावू नकोस, पण मॅडमचं सगळंच काही चुकत नाही. आधी माझी निम्मी पोरं गणितात नापास व्हायची. मला वाटायचं, हसतायत म्हणजे शिकतायत."

"शिकतही होती."

"काही काही. सगळी नाही. तुझे बाबा थोर होते गं, पण त्यांच्या शाळेत मागे राहिलेला मागेच राहायचा, फक्त आनंदात राहायचा."

त्यात थोडं खरं होतं. तिने दुसरंच विचारलं. "पणका हल्ली काही बोलत नाही, पाहिलंस?"

"कोण?"

तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं.

"हां हां, ती! पहिल्या बाकावरची." त्याचा चेहरा खुलला. "अगं, तिचे मार्क किती वाढलेत!"

पाऊस थांबला. त्या दिवशी दोघांपैकी कुणीही पडवीत अडकून राहिलं नाही.

"मुलगा चांगला आहे गं," घरी आई म्हणाली. ती भाजी निवडत होती. बाबा गेल्यापासून ती दोघींपुरती भाजी निवडायला शिकली नव्हती. दर वेळी उरे.

"चांगलाच आहे, आई."

"मग?"

"त्याने माझ्यासाठी ते काम घेतलं. आता त्याला ते आवडतं. उद्या मी त्याच्याशी लग्न केलं तर मीही शनिवारपर्यंत थांबायला शिकेन."

आईने निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र केली, तिच्या लक्षातही आलं नाही. "तुझे बाबा असते तर—"

"नाहीत ना, आई," ती म्हणाली. "तेच तर."

मॅडमच्या खोलीत बाबांची खुर्ची नव्हती. नवी होती, सरळ पाठीची. "बदली मला द्या," ती म्हणाली. "डोंगरापलीकडची."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तिथेही हेच नियम आहेत. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग काय मिळवणार?"

तिने अर्ज टेबलावर ठेवला. मॅडमनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या थकलेल्या दिसत.

"तुमचे वडील गेले तेव्हा शाळेचा शिपाई आठवडाभर जेवला नाही म्हणे," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी कुणी एक घास कमी खाणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण पोरं पास होऊन बाहेर पडतील. माणसाने दोन्हीची हाव धरू नये." मग चष्मा चढवून म्हणाल्या, "सोमवारी रुजू व्हा."

बस सुटायला अवकाश होता. आई काही दिवस मामाकडे राहणार होती, घर लागलं की येणार होती. बसमध्ये ओल्या रेक्झिनचा आणि डिझेलचा वास कोंडला होता. तिने खिडकी सरकवली, तर खाली तो उभा. धावत आलेला, धापा टाकणारा, शर्टाची एक बाजू बाहेर. क्षणभर तो अगदी पहिल्यासारखा दिसला.

"मला सांगितलंही नाहीस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस."

"राग आलाय माझा?"

"राग असता तर थांबले असते. भांडले असते."

त्याने खिडकीच्या गजाला धरलं. तिच्या बोटांपासून त्याची बोटं अगदी जवळ होती, पण लागत नव्हती. "मी दर रविवारी येईन."

"फेऱ्यांचा हिशेब रविवारी लिहायचा असतो ना तुला?"

पुढे कंडक्टर कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होता. इंजिन सुरू झालं आणि खिडकीची काच थरथरू लागली.

"ऐक," तो घाईने म्हणाला. "इतक्या दिवसांत मी तुला सरळ असं कधी... म्हणजे थट्टाच केली नेहमी. पण माझं—"

"नको," ती म्हणाली. "म्हणू नकोस. आता म्हणालास तर मला खरं वाटेल, आणि मी उतरेन. नको म्हणूस. माझं ऐक."

तिने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनी ती कान देऊन राहिली. बस हलली. तो गज धरून दोन पावलं सोबत चालला, हे तिला त्याच्या बुटांच्या आवाजावरून कळलं. अजून वेळ होता. एक शब्द म्हणायला किती वेळ लागतो?

तिने डोळे उघडले तेव्हा तो मागे पडला होता. ओठ घट्ट मिटून, हात खाली सोडून, सरळ उभा होता.

त्याने तिचं ऐकलं होतं.